त्रिनिदादची द्रौपदी आणि तिचा ताशा

ढोल, ताशा आणि झांज ही तीन नावे घेतली की आपल्या डोळ्यांसमोर विसर्जनाची मिरवणूक उभी राहते. आपण महाराष्ट्रापासून कितीही लांब राहत असलो तरी ताशाची तर्री कानावर पडली की पाय थबकतातच. पण याच तीन वाद्यांचा ताफा, आणि तोही जवळजवळ याच नावांनी, पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला असलेल्या एका बेटावर लग्नाच्या वरातीत वाजतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. बेटाचे नाव त्रिनिदाद.

तसे त्रिनिदाद आपल्याला अगदीच परके नाही. क्रिकेटवेड्या मंडळींना पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल मैदान चांगले ठाऊक असते. १९७१ साली आपल्या सुनील गावसकर यांनी कसोटी पदार्पण केले ते याच मैदानावर, आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा पहिला कसोटी विजयही तिथलाच. त्या मालिकेनंतर लॉर्ड रिलेटर नावाच्या तिथल्या गायकाने गावसकरांवर एक गाणे रचले व ते गाजले. त्या गाण्याच्या प्रकाराला 'कॅलिप्सो' म्हणतात. ताज्या घटनेवर चटकदार गाणे रचायचे आणि कार्निव्हलच्या मोसमात ते लोकांपुढे म्हणायचे, अशी ही परंपरा. आपल्या शाहिरीशी आणि मेळ्यातल्या पदांशी तिचे थोडेफार गोत्र जुळते. याच कॅलिप्सोच्या पोटातून १९७० च्या दशकात 'सोका' नावाचा वेगवान, नाचरा प्रकार निघाला. आणि सोकाच्या मंचावर १९८० च्या दशकात एक गायिका उभी राहिली. तिचे नाव द्रौपदी रामगुनाई. कागदोपत्री इंग्रजी स्पेलिंगमुळे ते 'द्रुपती' असे झाले आणि पुढे तेच रूढ झाले. पण नाव द्रौपदीच! पेनाल नावाच्या गावाजवळच्या एका वस्तीतली ही मुलगी आधी देशभर आणि मग देशाबाहेर कशी पोहोचली, आणि त्यासाठी तिला काय ऐकून घ्यावे लागले, ही हकीकत सांगण्यासारखी आहे. पण ती कळायची तर थोडे मागे जायला हवे.

१८३० च्या दशकात ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांवर राबणारे आफ्रिकी लोक मोकळे झाले आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर मिळेनात. मग नजर गेली हिंदुस्थानकडे. १६ फेब्रुवारी १८४५ रोजी 'फातेल रझाक' नावाचे जहाज कोलकात्याहून निघाले आणि साडेतीन महिन्यांनी, ३० मे रोजी, सुमारे सव्वादोनशे माणसे घेऊन त्रिनिदादला लागले. पाच वर्षांच्या करारावर आलेली ही माणसे, म्हणजे गिरमिटिया. १९१७ पर्यंत अशी सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली, काही मद्रासकडची. मराठी माणूस गिरमिटावर गेला तो मुख्यतः मॉरिशसला, म्हणून तिथे आजही गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. त्रिनिदादमध्ये आपला माणूस शोधावा लागेल. आपले वाद्य मात्र शोधावे लागत नाही.

ताशा तिथे दोन वाटांनी टिकला. एक वाट लग्नाची आणि दुसरी मोहरमची. मोहरमला तिथे 'होसे' म्हणतात, 'या हुसेन'चा अपभ्रंश. कागद आणि बांबूचे ताबूत करायचे, ताशाच्या गजरात ते मिरवायचे आणि शेवटी समुद्रात विसर्जन करायचे. मळ्यांवरचे हिंदूही त्यात असत आणि आफ्रिकी मजूरही ढोल वाजवायला येत. आपल्याकडेही १८९३ च्या आधी ताबुतांच्या मिरवणुकीत हिंदूंचा मोठा सहभाग असे, हे सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास वाचलेल्यांना माहीत आहे. तर १८८४ मध्ये त्रिनिदादच्या सरकारने या मिरवणुका शहरात आणायला बंदी केली. लोकांनी ती जुमानली नाही. सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर पोलिसांनी मिरवणुकांवर गोळीबार केला. त्यात सोळा ते बावीस माणसे मेली असे वेगवेगळे आकडे दिले जातात. जखमींची संख्या शंभराच्या वर होती. त्याच वर्षी आफ्रिकी लोकांच्या कार्निव्हलमधल्या मशाली आणि ढोल यांवरही कायद्याचा बडगा आला होता. म्हणजे दोन्ही समाजांचे चर्मवाद्य एकाच सालात सरकारच्या डोळ्यांत सलले. आफ्रिकी लोकांनी मग ढोलाऐवजी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बांबू गेला, पत्र्याचे डबे आले, आणि १९४० च्या सुमारास तेलाची रिकामी पिंपे ठोकून ठोकून त्यातून सूर काढणारे 'स्टीलपॅन' तयार झाले. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाने ते वाद्य एकदा जवळून पाहावे. पत्रा कुठे किती खोल ठोकला की कुठला स्वर निघतो, आणि मग तापवून तो कसा पक्का करायचा, हे त्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या कारागिरांनी हाताने शोधून काढले.

ताशा मात्र तसाच राहिला. मातीचे भांडे, वर बकऱ्याचे कातडे, आणि वाजवण्याआधी शेकोटी पेटवून ते तापवायचे, म्हणजे कातडे ताणले जाऊन आवाज खणखणीत होतो. तिथल्या ताफ्यात साधारण दोन ताशे, एक मोठा ढोल आणि एक झांज असते. पुढच्या ताशाला 'कटर' म्हणतात, तो बोल कापत जातो. मागचा ताशा ठेका धरून ठेवतो. ढोल आंब्याच्या खोडातून कोरलेला, आणि तो ज्या काठीने वाजवतात तिला म्हणतात 'डंखा'. आपला डंकाच तो! तालाच्या प्रत्येक प्रकाराला 'हँड' असा शब्द आहे, आपल्याकडे 'हात' म्हणतो तसा. भाषा गेली. तिसऱ्या-चौथ्या पिढीला घरात भोजपुरी बोलता येईनाशी झाली. पण हात तेवढा राहिला.

आता गाण्याकडे येऊ. १९३५ साली 'बाला जोबन' हा पहिला हिंदी बोलपट त्रिनिदादला लागला आणि तेव्हापासून तिथल्या भारतीयांना हिंदी सिनेमाच्या गाण्यांनी वेड लावले. १९४७ साली रेडिओवर भारतीय गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. १९७० पासून टीव्हीवर 'मस्ताना बहार' नावाची स्पर्धा सुरू झाली आणि गावोगावची मुले-मुली त्यात येऊन रफी, मुकेश आणि लतादीदींची गाणी म्हणू लागली. अर्थ कळला नाही तरी उच्चार पाठ करायचे. त्याच सुमारास सुंदर पोपो नावाच्या एका तरुणाने वेगळेच काही केले. त्याचे वडील ताशावादक होते. त्याने 'नाना अँड नानी' हे गाणे हिंदी आणि तिथली बोली इंग्रजी यांची सरमिसळ करून म्हटले. मुंबईची नक्कल न करता आपल्या बेटावरच्या आजी-आजोबांबद्दल, आपल्याच बोलीत म्हटलेले हे गाणे लोकांनी डोक्यावर घेतले.

दुसऱ्या बाजूने एक आफ्रिकी वंशाचा गायक त्याच मुक्कामाकडे येत होता. गारफील्ड ब्लॅकमन हे त्याचे नाव. उंची सहा फुटांच्या वर, म्हणून गमतीने टोपणनाव 'लॉर्ड शॉर्टी'. जन्म १९४१ चा, भारतीय वस्तीच्या लेंगुआ गावातला. ढोलक आणि धनताल हे त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेले. १९७० च्या सुमारास जमैकाचे रेगे आणि अमेरिकेचे सोल यांच्यापुढे कॅलिप्सो मागे पडत चालले होते. शॉर्टीने ठरवले की कॅलिप्सोत भारतीय ठेका मिसळायचा. १९७३ च्या सुमाराचे त्याचे 'इंद्राणी' हे गाणे त्यातूनच आले, आणि त्यावर दोन्हीकडून दगड पडले. भारतीय म्हणाले, आमच्या बाईची टिंगल करतो. आफ्रिकी म्हणाले, कॅलिप्सो बाटवतो. शॉर्टी हुशार. त्याने पुढच्या गाण्यांतून ढोलक काढून टाकली, पण ढोलकीचा ठेका ठेवला. तो त्याने ड्रमसेट, गिटार आणि बेसवर वाटून दिला. वाद्य दिसेना, लोकांची तक्रार मिटली आणि सगळे नाचू लागले! १९७४ च्या 'एंडलेस व्हायब्रेशन्स'पासून सोका खऱ्या अर्थाने रुजला असे मानतात. या शब्दाचे स्पेलिंग तो वेगळे करी, आणि शेवटचे अक्षर आपल्या 'क' वरून घेतले आहे असे सांगे.

इथे हिंदी सिनेमाच्या रसिकांसाठी एक गंमत. १९८० साली 'कर्ज' आला. त्यातले लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे 'ओम शांती ओम' हे गाणे आपण प्रत्येक गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ऐकले आहे. त्याचे मूळ याच लॉर्ड शॉर्टीच्या 'ओम शांती' या सोका गाण्यात आहे. म्हणजे आपला ठेका बेटावर गेला, तिथे त्याला सोकाचा अंगरखा मिळाला आणि तो परत मुंबईला आला तेव्हा आपण त्याला पाश्चात्त्य डिस्को समजून नाचलो. असो.

सोकाला जगाचे दार उघडून दिले ते मात्र त्रिनिदादच्या नव्हे, तर माँटसेराट नावाच्या चिमुकल्या बेटाच्या गायकाने. 'ॲरो' या नावाने गाणाऱ्या अल्फॉन्सस कॅसेल याचे 'हॉट हॉट हॉट' हे गाणे १९८२-८३ च्या सुमारास आले आणि जगभर गेले. बाबला आणि कांचन या जोडीने त्याचे हिंदी रूप 'कुछ गडबड है' काढले, तेही कॅरिबियनमध्ये तुफान चालले. बाबला-कांचनने सुंदर पोपोची गाणीही पुन्हा गायली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वेस्ट इंडियन वस्ती मोठी. तिथल्या दोन-तीन दुकानदारांनी स्वतःच रेकॉर्ड काढायला सुरुवात केली होती. कार्निव्हलच्या मोसमात गाणे त्रिनिदादला गाजले की ते ब्रुकलिन, टोरंटो, लंडन असा प्रवास करी, कारण या प्रत्येक शहरात स्थलांतरितांनी आपापला कार्निव्हल सुरू केला होता. गावाकडची माणसे जिथे जिथे गेली तिथे तिथे गाण्याला आयते गिऱ्हाईक होते.

पण या सगळ्या गर्दीत एक गोष्ट नजरेआड होत होती. कॅलिप्सोत भारतीय स्त्री होतीच, अगदी १९३० च्या दशकापासून होती. पण ती गाण्याचा विषय म्हणून. कुणी तिच्या रूपावर गाणे रचले, कुणी तिच्या हातच्या स्वयंपाकावर, कुणी तिच्या बापाच्या धाकावर. माइटी स्पॅरो हा तर कॅलिप्सोचा सम्राट. त्याचे १९८२ चे 'महाराजिन' गाणे अशाच एका भारतीय तरुणीवर आहे. शॉर्टीची इंद्राणीही त्याच माळेतली. पन्नास वर्षे पुरुष तिच्याबद्दल गात होते. ती स्वतः गात होती का? गात होती, पण दाराआड. लग्नाच्या आदल्या एक-दोन दिवसांत 'मटकोर' नावाचा विधी असतो. बायका माती आणायला जातात, आणि मग रात्री फक्त बायकांच्यात ढोलकीवर चावट गाणी आणि नाच चालतो. आपल्याकडे मंगळागौरीच्या खेळांत सासू-नणंदेची जी टिंगल चालते, किंवा विहिणीला जी गाणी म्हणत, त्याचाच हा अधिक तिखट प्रकार. या तिखटपणावरूनच त्या गाण्यांना 'चटणी' हे नाव पडले असे सांगतात. १९८० च्या आसपास ही चटणी घराबाहेर, मोठ्या सार्वजनिक कार्यक्रमांत येऊ लागली होती.

द्रौपदीचा जन्म १९५८ सालचा, पेनालजवळच्या चार्लो व्हिलेजचा. बेटाचा हा दक्षिण भाग म्हणजे ऊस, भाताची खाचरे, तेलविहिरी आणि घराघरापुढे झेंड्यांच्या काठ्या. रेल्वेवाल्या मित्रांसाठी सांगतो, त्रिनिदादमध्येही सरकारी रेल्वे होती. पहिली गाडी १८७६ साली पोर्ट ऑफ स्पेनहून अरिमाला गेली आणि १९६८ साली सगळी रेल्वे बंद झाली. ऊस वाहायला आलेली रेल्वे मोटारींच्या स्पर्धेत टिकली नाही. द्रौपदी तेव्हा दहा वर्षांची होती. स्थानिक कार्यक्रमांतून हिंदी गाणी म्हणत ती मोठी झाली. त्या भागात अशी गाणाऱ्या मुली डझनांनी होत्या. बहुतेकींचे गाणे लग्नानंतर घरातल्या देवापुढेच उरत असे.

१९८७ साली तिने सोका गायले. 'पेपर पेपर' आणि 'चटणी सोका' ही त्या वर्षीची तिची गाणी. 'चटणी सोका' हे नाव त्या गाण्यापासूनच एका नव्या प्रकाराला चिकटले ते कायमचे. भारतीय वंशाची पहिली सोका गायिका म्हणून तिचेच नाव घेतले जाते. आणि १९८८ च्या कार्निव्हलला आले 'मिस्टर बिसेसर'. त्याचे दुसरे नाव 'रोल अप द तासा'. हे गाणे एका ताशेवाल्याला उद्देशून आहे. बिसेसर म्हणजे विश्वेश्वर. त्याने ताशा घुमवला की गाणारी बाई भान हरपून नाचते, एवढाच विषय. पण आतापर्यंतच्या गाण्यांशी ताडून पाहा. इथे बाई विषय नाही, बाई गाते आहे आणि पुरुष तिच्यासाठी वाजवतो आहे. दुसरे असे, की शॉर्टीने जो भारतीय ठेका टीका टाळण्यासाठी ड्रमसेटमध्ये दडवला होता, तो इथे थेट ताशा म्हणून, नाव-गावासह पुढे आला. गाण्याच्या नावातच तो आहे. माझ्या मते द्रौपदीचे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत जास्त आहे. गाणी रचणारे आणि वाद्यमेळ जमवणारे यांत आफ्रिकी वंशाच्या कलावंतांचाही हात होता, हेही नोंदवायला हवे.

गाणे बेफाम चालले. ज्या कार्निव्हलकडे बरीचशी भारतीय कुटुंबे 'ते त्यांचे' म्हणून पाहत आणि त्या दोन दिवसांत मुलींना घराबाहेर पडू देत नसत, त्या कार्निव्हलमध्ये रस्त्यावर ताशाचे गाणे वाजत होते आणि आफ्रिकी, भारतीय, चिनी, सगळे त्यावर नाचत होते.

आणि मग जे व्हायचे ते झाले. नावच द्रौपदी, तेव्हा भर सभेत उभे राहून जाब देणे नशिबी आलेच! १९८८ साली तिथल्या भारतीयांच्या एका वर्तमानपत्रात तिच्यावर घणाघाती टीका छापून आली. एवढ्या चांगल्या संस्कारांची मुलगी दारू आणि वासना यांच्या तंबूत जाऊन गाते म्हणजे तिच्या डोक्यातच काहीतरी बिघाड असला पाहिजे, अशा आशयाची. (तंबू म्हणजे कॅलिप्सो टेंट. पूर्वी ते खरेच बांबू आणि ताडपत्रीचे असत, पुढे सभागृहे झाली तरी नाव तेच राहिले.) धर्मसंस्थांच्या धुरिणांनी चटणीच्या कार्यक्रमांवर कोरडे ओढले. सीतेचे दाखले देण्यात आले. एक पुरुष गायक दारूवर गाणे म्हणे तेव्हा ती करमणूक होती, पण बाईने ताशावर गाणे म्हटले तेव्हा संस्कृती बुडाली.

तरीही त्या टीकाकारांना केवळ ढोंगी म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. गिरमिटाच्या काळात जहाजावर बायका थोड्या आणि पुरुष फार असत. त्यातून मळ्यांवर जे अत्याचार आणि खून झाले त्याची आठवण त्या समाजाच्या हाडात आहे. हिंदू लग्नांना तिथल्या कायद्याने मान्यता मिळाली तीच मुळी १९४० च्या दशकात. तोवर कागदोपत्री त्यांची मुले अनौरस! अशा समाजाने 'घरची बाई' ही आपल्या अब्रूची शेवटची तिजोरी मानली तर त्यामागचे भय समजू शकते. शिवाय चटणी सोकाची सगळी गाणी काही सोज्वळ नाहीत. द्रौपदीच्याही काही गाण्यांत दुहेरी अर्थ आहेत. ज्यांनी दादा कोंडके पाहिले आहेत त्यांना तो प्रकार समजावून सांगायला नको. आपल्याकडे लावणी गाणाऱ्या बाईला टाळ्या देणाऱ्यांनीच घरच्या मुलीला ती म्हणू दिली नाही, हा इतिहास फार जुना नाही. लांब परदेशात वसलेला समाज तर अशा बाबतीत मूळ देशापेक्षाही कडक होतो. मूळ देश बदलत राहतो, आणि हे मात्र आजोबांनी गाठोड्यात आणलेले जपत बसतात. आपल्या मंडळांच्या सांस्कृतिक समितीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगणे नलगे.

द्रौपदीने माघार घेतली नाही. पुढच्या वर्षांत 'इंडियन सोका' आले, 'हॉटर दॅन अ चुल्हा' आले. चुल्हा म्हणजे आपली चूल. हा शब्द आता सगळ्या बेटाला कळू लागला. आणि गाणे जसे ॲरोचे गेले होते त्याच वाटेने तिचेही बाहेर गेले. टोरंटो, न्यूयॉर्क, लंडन. फरक असा की तिच्या गाण्याला दोन प्रकारचे श्रोते मिळाले. एक, सगळे वेस्ट इंडियन. आणि दुसरे, खास भारतीय वंशाचे कॅरिबियन लोक, म्हणजे गयाना, त्रिनिदाद आणि सुरिनाम सोडून पुन्हा एकदा स्थलांतर केलेले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात गयानाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. सुरिनामचे हिंदुस्थानी हॉलंडमध्ये आहेत. पणजोबा गिरमिटावर समुद्र ओलांडून गेलेले, नातू-पणतू विमानाने दुसऱ्यांदा ओलांडून गेलेले. या मंडळींना भारतात कुणी भारतीय मानत नाही आणि अमेरिकेत कुणी वेस्ट इंडियन मानत नाही. त्यांच्या पार्ट्यांत 'मिस्टर बिसेसर' लागले की चेहरे का उजळत असतील ते आपण, तिसऱ्या पिढीत महाराष्ट्राबाहेर वाढलेली मराठी माणसे, ओळखू शकतो.

तिच्या पाठोपाठ दार उघडेच राहिले. १९८९ च्या सुमारास रिकी जय या भारतीय वंशाच्या तरुणाचे 'सुमिंत्रा' गाजले. त्यातली नायिका प्रियकराला चक्क लता मंगेशकरांची रेकॉर्ड बाजूला ठेवून सोका लावायला सांगते. मराठी मनाला हे जरा झोंबते खरे! पण त्यात दीदींचा अवमान नाही, मी इथली आहे एवढेच त्या मुलीचे म्हणणे आहे. १९९५ साली बासदेव पांडे यांच्या रूपाने त्रिनिदादला पहिला भारतीय वंशाचा पंतप्रधान मिळाला, आणि १९९६ साली 'चटणी सोका मोनार्क' ही स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्या नावाने शिव्या पडत होत्या त्या नावाने आता बक्षिसे दिली जात होती. पहिला विजेता सनी मान हा पुरुष होता, ही गोष्ट मला खटकते. वाट पाडली बाईने, आणि पहिला मुकुट चढला पुरुषाच्या डोक्यावर. २००० साली सोकाचा सर्वांत मोठा तारा मशेल माँटानो याने द्रौपदीला बरोबर घेऊन 'रिअल युनिटी' गायले. त्याच साली लॉर्ड शॉर्टी आणि सुंदर पोपो हे दोघेही दोन महिन्यांच्या अंतराने वारले. २००७ साली 'जहाजी म्युझिक' हा माहितीपट निघाला. त्यासाठी आपला गोव्याचा रेमो फर्नांडिस जमैका आणि त्रिनिदादच्या गायकांमध्ये जाऊन गाऊन आला.

पुढे २०१० साली त्रिनिदादच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या त्या कमला प्रसाद-बिसेसर. जन्म सिपारियाचा, बालपण पेनालचे, म्हणजे द्रौपदीच्याच मुलखातल्या. आणि आडनाव बिसेसर! अर्थात गाण्याशी त्यांचा संबंध नाही, गाणे बावीस वर्षे आधीचे.

ताशाचे म्हणाल तर त्याचा खटला पुढेही चालू राहिला. १९९२ साली सरकारने स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्य जाहीर केले. तेव्हा ताशालाही तोच मान द्या अशी मागणी भारतीय मंडळींनी केली. त्यावर बरीच वर्षे वाद झडत राहिले. पॅन हे बेटावर जन्मलेले वाद्य, ताशा हा बाहेरून आलेला, हा एका बाजूचा मुद्दा. दीडशे वर्षे इथल्या मातीचे भांडे, इथल्या बकऱ्याचे कातडे आणि इथल्या आंब्याचे खोड वापरल्यावर तो बाहेरचा कसा, हा दुसऱ्या बाजूचा. वादक मंडळी मात्र या वादासाठी थांबली नाहीत. त्यांनी ताशाच सुधारला. मातीचे भांडे मिरवणुकीत फुटते आणि पावसात कातडे सैल पडते, म्हणून धातूचे भांडे, वर प्लास्टिकचा पडदा आणि ताण द्यायला नट-बोल्ट असा ताशा निघाला. त्याला तिथे 'नट अँड बोल्ट तासा' असेच म्हणतात. शेकोटी पेटवायची गरज नाही, खिशात पाना असला की झाले. आपल्याकडच्या ताशाचेही तांब्याचे भांडे आणि प्लास्टिकचा पडदा असे रूपांतर झालेच आहे. एकमेकांना न विचारता दोन्हीकडच्या कारागिरांनी एकच दुरुस्ती केली. जुने वादक म्हणतात की शेकोटीवर तापलेल्या कातड्याचा आवाज त्याला नाही. मोठ्या लग्नांत म्हणून दोन्ही नेतात. वरात निघताना मातीचा ताशा आणि रात्री नाच रंगला की नट-बोल्टचा. त्या वेळी मागणी होते ती सोका हातांची, आणि कटर वाजवणाऱ्याला 'मिस्टर बिसेसर' यायलाच लागते.